एरंडोलपर्यंतचं बोलणं

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ही आठवण मी हवालदार असतानाची, धुळ्याच्या पोस्टिंगमधली. बरीच वर्षं सीमेवर काढली की माणसाला एखादी शांत जागा देतात. मला कॉलेजच्या कॅडेट पोरांना ड्रिल आणि रायफल शिकवायचं काम मिळालं. मी मूळचा सावंतवाडीकडचा. आमच्याकडे घराबाहेर पाऊल टाकलं की माड, पोफळी आणि पाणी. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा समोर नुसतं पांढरं ऊन होतं. ट्रंक खाली ठेवून पुन्हा उचलायला गेलो तर कडीचा चटका बसला.

शहर मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. जुन्या धुळ्यात रस्ते सरळ आहेत आणि गल्ल्यांना नंबर आहेत. आमच्या गावात पत्ता सांगताना तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात; इथे चहावाला नुसता आकडा सांगून मोकळा होतो. बराकींना नंबर द्यावेत तशा त्या गल्ल्या बघून माझ्यातला हवालदार खूश झाला. शेवभाजीने मात्र माझी परीक्षा घेतली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि हॉटेलवाला काळजीने विचारत होता, "भाऊ, तिखट कमी पडनं का?"

धुळं मागायला मला प्रल्हादने लावलं होतं. नाईक प्रल्हाद माझ्या सेक्शनमधला, यावलजवळच्या खेड्यातला, केळीच्या बागांत वाढलेला. "भाऊ, मागायचंच तर धुळं मागा. माझी सासुरवाडी तिथून जवळ आहे, तुमच्या जेवणाची सोय होईल," असं त्याचं म्हणणं. सासुरवाडीला दुसऱ्याला जेवायला पाठवणारा जावई मी तो एकच पाहिला.

एका हिवाळ्यात सीमेवरच्या चौकीत मी आणि तो बर्फाने दार बुजलेल्या हटमध्ये अडकलो होतो. वाट मोकळी होईपर्यंत करायला काही नव्हतं. रेडिओची बॅटरी जपायची होती, म्हणून ठरल्या वेळी "ऑल ओके, ओव्हर" एवढंच बोलायचं. बाकी सगळा वेळ प्रल्हाद बोलायचा. "गप्प बसलं की वाईट विचार आत घुसतो, भाऊ. तोंड चालू ठेवायचं." त्या मुक्कामात त्याने मला धुळे ते यावल रस्ता गावागणिक पाठ करून दिला. पारोळ्याचा किल्ला, एरंडोलजवळचं पद्मालय, गिरणेचा पूल, जळगावची सोन्याची दुकानं. ऐकून ऐकून कावलो आणि मी त्याला बूट फेकून मारला. त्याने बूट झटकून माझ्या उशाशी ठेवला आणि पारोळ्यापासून पुढे सुरू केलं.

धुळ्यात मला वर्ष होत आलं तेव्हा आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरुषमंडळी ओट्यावर पत्ते मांडून बसतात. कॅडेट पोरं सुट्टीवर होती. मी बनियनवर बसून दाढी करत होतो. सुभेदार मेजर साहेबांचा फोन आला.

"सावंत, कहाँ हो?"

"धुले, साब."

"प्रल्हाद नहीं रहा. कल पेट्रोलिंग पर बर्फ खिसकी. बॉडी आज दोपहर बाद जलगाँव एयरपोर्ट पर उतरेगी. उसकी वाइफ मायके में है, तुम्हारी तरफ. घर के बड़ों को खबर है. तुम उसे एयरपोर्ट लेकर पहुँचो."

"जी साब."

"वर्दी मत पहनना."

अर्धी दाढी राहिली होती. ती मी पूर्ण केली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आरशातला माणूस रडत होता आणि हात मात्र नीट चालत होता.

प्रल्हादच्या बायकोचं, वैशालीचं माहेर धुळ्यापासून फार लांब नाही. तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, गावाबाहेरच्या फाट्यावर उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तिले काहीच सांगेल नही," ते म्हणाले. "आखाजीना दिन शे. मन्ही पोर मन्हा दारमाईन रडत जावाले नको. तिना घर जाईसन कळू द्या."

वैशालीला त्यांनी सांगितलं होतं की प्रल्हादचा पाय मुरगळलाय, सुट्टी मिळालीय, आज विमानाने जळगावला उतरतोय आणि त्याचा दोस्त तिला न्यायला येतोय. मी म्हटलं, नाना, हे टिकायचं नाही. त्यांनी हात जोडले. मी साहेबांना तोंडावर नाही म्हटलेला माणूस आहे. पण वडिलांच्या वयाचा माणूस भर उन्हात हात जोडून उभा राहिल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

घरासमोरच्या कडुनिंबाला झोका होता. एक मुलगी उभ्याने झोका घेत होती आणि बाकीच्या तिला थांब थांब म्हणत होत्या. मला बघून तिने चालत्या झोक्यावरून उडी मारली.

"तुम्ही सावंतभाऊ ना? फोनवरच्या आवाजावरून मला वाटायचं, चांगले दांडगे असाल."

"रेशन कमी पडलं," मी म्हटलं. कसं म्हटलं, देव जाणे.

ती पटकन तयार झाली. सणाच्या सांजोऱ्यांचा डबा तिने हातात घेतला. प्रल्हादला सांजोऱ्या आवडायच्या, हे मला त्याच्याइतकंच पाठ होतं. दारात आल्यावर ती उंबऱ्यावर थांबली. आत वळून म्हणाली, "आई, निघू राहिनू वं."

"जाय बेटा, उशीर व्हई राहिना," स्वयंपाकघरातून आवाज आला. आई बाहेर आली नाही. वैशाली आणखी थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली, मग पायरी उतरली. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गाडी तिचा भाऊ भूषण चालवत होता. डोळ्यांवर काळा गॉगल. ताईचा मोबाइल त्याने आधीच चार्जिंगच्या नावाखाली काढून घेतला होता आणि मागच्या खिडक्यांना पडदे लावले होते, ऊन लागतं म्हणून. मी त्याच्या शेजारी बसलो, ती मागे. काचा वर, एसी जेमतेम. गाडी सुरू झाली तशी ती बोलायला लागली.

"धुळं तर बघून झालं असेल. गल्ल्या मोजल्या का सगळ्या?"

"मोजल्या."

"एखादी कमी भरली तर सांगा, आमच्या नानांना कळवते."

मी हसलो. हसावं लागलं.

पांझरा नदी मागे पडली, मुकटी गेलं. ती सासरच्या गमती सांगत होती. तिच्या माहेरी सगळं 'शे' आणि 'बठ्ठा', आणि यावलकडे बोली वेगळी. लग्न झाल्यावर तिने पहिल्यांदा "भाजी बठ्ठी सरनी", म्हणजे भाजी सगळी संपली, असं म्हटलं तेव्हा नणंदा पोट धरून हसल्या होत्या. "आता मी दोन्हीकडे परकी. इकडे म्हणतात यावलची झाली, तिकडे म्हणतात धुळ्याची आली." पारोळा आलं तसा तिने पडदा सारला. भूषणने आरशात बघितलं.

"तो किल्ला बघा, भाऊ."

"प्रल्हाद सांगायचा, खंदकात हत्ती बुडेल."

"बकरी तरी बुडते का विचारा! यांचं सगळं असंच असतं."

बर्फातल्या त्या हटमध्ये दार बुजलं होतं तेव्हासुद्धा मला एवढं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. तिथे निदान खोटं बोलावं लागत नव्हतं. इथे मी पट्टा लावून बसलो होतो, पुढे सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती, आणि उतरायला कुठे जागा नव्हती. ती प्रत्येक गाव मला पाहुण्याला दाखवावं तसं दाखवत होती. प्रत्येक गावाबरोबर जळगाव जवळ येत होतं.

"जळगावचं विमानतळ बघितलंय तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही."

"मागच्या सुट्टीत यांनी मला मोटरसायकलवर नेलं होतं. तिकीट नाही, पाहुणा नाही, काही काम नाही. कुंपणाबाहेर उभे राहिलो. चहूकडे शेतं आणि मधे एवढंसं काचेचं घर. मी म्हटलं, हे तर आपल्या एसटी स्टँडपेक्षा लहान आहे. हे म्हणाले, लहान आहे म्हणूनच आपल्याला जमेल. एकदा बसवीन तुला. आज बघा, आधी स्वतःच बसले."

भूषणने गियर उगाच बदलला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. जळगावच्या ओळखीच्या एका माजी सैनिकाने फोटो पाठवला होता. चौकात लावलेला मोठा फ्लेक्स. तिरंगा, फुलं, मधे प्रल्हादचा हसरा चेहरा, वर 'वीर जवान अमर रहे'. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांची रांग, आणि तेही चेहरे काही लहान नव्हते. फोटोखाली त्याने लिहिलं होतं: पाळधीपासून विमानतळापर्यंत प्रत्येक चौकात लागलेत, गर्दी जमतेय.

मला संताप आला. कालचा गेलेला माणूस, अजून जमिनीला टेकला नाही, आणि यांचे फ्लेक्स छापून, बांबू रोवून तयार. पण संतापून उपयोग नव्हता. आमच्या देशात माणूस गेला की आधी फ्लेक्स लागतो, हे मला ठाऊक होतं. नानांना हात जोडताना ते सुचलं नव्हतं, आणि त्यांना होकार देताना मलाही. एरंडोल यायला लागलं होतं. एरंडोलनंतर पाळधी. पाळधीला हिला तिच्या नवऱ्याचं मरण बांबूवर टांगलेलं दिसणार. पडदा तर तिने केव्हाच सारला होता.

"इथून पद्मालय जवळ," ती मागून सांगत होती. "तळ्यात कमळं असतात. आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे. येताना यांना घेऊन जाऊ या का, भूषण? पाय दुखत असला तर गाडी जवळपर्यंत जाते."

भूषणचे खांदे हलायला लागले. गाडी पांढऱ्या पट्ट्यावरून सरकली. समोरच्या ट्रकने हॉर्न दिला.

"भूषण, गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"भाऊ, नानांनी सांगितलंय…"

"बाजूला घे."

एरंडोल ओलांडल्यावर रस्त्याकडेला एक रसवंती होती. तिथे त्याने गाडी थांबवली, उतरला आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. मी मागचं दार उघडलं. ती रसवंतीकडे बघत होती.

"रस घेता का, भाऊ? इथला रस—"

"ताई."

"—आलं घालून देतात."

"ताई, प्रल्हाद सुट्टीवर येत नाहीये. काल पेट्रोलिंगवर असताना बर्फ घसरला. तो गेला. विमानातून त्याची बॉडी येतेय."

यापेक्षा बऱ्या शब्दांत सांगता आलं असतं का, मला माहीत नाही. आम्हाला रिपोर्ट द्यायला शिकवतात. हे शिकवत नाहीत. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. रसवाल्याने आमच्याकडे बघितलं आणि काय समजला कोण जाणे, चरक बंद केला.

"आईने माझी ओटी भरली नाही," वैशाली म्हणाली.

मला कळलं नाही.

"लेक माहेरातून निघाली की आई कुंकू लावते, ओटीत तांदूळ-नारळ घालते. भांडण झालेलं असलं तरी घालते. मी दारात थांबले. ती बाहेर आलीच नाही. नाना खोटं बोलू शकतात, भूषण बोलू शकतो. आईला कुंकवाचं बोट काही उचलता आलं नाही." तिने डबा मांडीवर सरळ केला. "तेव्हाच कळलं मला."

"मग धुळ्यापासून इथपर्यंत तुम्ही…"

"मी गप्प बसले असते तर तुम्ही सांगितलं असतं."

मी गाडीचं दार धरून उभा राहिलो.

"मी बोलत होते तोवर ते येत होते ना, भाऊ. पाय मुरगळलेला, पण येत होते."

मग ती रडली. भूषण धावत आला, तिच्या पायाशी रस्त्यावरच बसला, आणि दोघं बहीणभाऊ रडले. मी हायवेकडे तोंड करून उभा राहिलो. माझेही डोळे वाहत होते. ऊन एवढं होतं की त्याचं नाव पुढे करायची सोय होती, पण तिथे विचारणारं कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यांना त्रास झाला का?"

"मला माहीत नाही. साहेबांना विचारीन आणि ते सांगतील तसंच तुम्हाला सांगीन. आता खोटं सांगणार नाही."

तिने मान हलवली. मी तिला फ्लेक्सचा फोटो दाखवला. पुढे दिसणारच होता. तो चौकात दिसण्याआधी हातात दिसलेला बरा, असं मला वाटलं. तिने बराच वेळ बघितला, मग दोन बोटांनी मोठा केला.

"हा आमच्या लग्नातला आहे. मला कापलंय." आणि स्क्रीनच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "हे बघा, यांच्या खांद्यावर माझी बोटं राहिलीत."

खरोखरच राहिली होती. मेंदीची तीन बोटं.

एरंडोलच्या पुढे ती एक शब्द बोलली नाही. पाळधी आलं, फ्लेक्स आला. तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. गिरणेचा पूल ओलांडला. नदीत वाळू होती. जळगावात मोटरसायकलींवर झेंडे घेतलेली पोरं, अर्धवट ओढलेली शटर, केळीच्या गाड्या रस्त्याकडेला थांबलेल्या. प्रल्हादने मला जे शहर पाठ करून दिलं होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यातलं मला काही दिसलं नाही.

विमानतळ तिने सांगितलं होतं तसंच होतं. शेतांच्या मधे एवढंसं काचेचं घर. गर्दी कुंपणाबाहेर अडवलेली; आत इतकी शांतता की बुटांचा आवाज ऐकू यावा. विमान उतरलं. धावपट्टीवर उन्हाच्या वाफा होत्या आणि त्यांतून सहा जवान पेटी घेऊन आले, पाऊल जुळवून, माझ्या युनिटचे, दोघांना तर ड्रिल मीच शिकवलेली. मी साध्या कपड्यांत होतो, त्यामुळे सॅल्यूट नाही. सावधानमध्ये उभा राहिलो. हात मांडीला घट्ट लावलेले मला सहन होत नव्हते.

वैशाली पुढे गेली. सांजोऱ्यांचा डबा तिच्या डाव्या हातात तसाच होता. उजवा हात तिने पेटीवर, झेंड्यावरून, जिथे खांदा असेल तिथे ठेवला. तिला कोणी घाई केली नाही.

साहेबांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, वेळ लागला नाही. तेवढंच मी तिला सांगितलं, त्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही.

पुढच्या आखाजीच्या आधी तिचा फोन आला. घरातलं माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या आखाजीला खानदेशात त्याच्या नावाने मातीची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, आणि एखाद्या माणसाला पितर म्हणून बोलावून त्या माणसाच्या जागी जेवू घालतात.

"भाऊ, यांच्या जागी तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी यावलला गेलो. प्रल्हादच्या पाटावर बसलो. पुरणाचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. त्याची आई वाढत होती आणि मी नाही म्हणत नव्हतो, कारण प्रल्हाद कधी नाही म्हणाला नसता. पान स्वच्छ केलं. आईने डोक्यावरून हात फिरवला. पाठ झालेला सगळा रस्ता पार करून मी त्याच्या घरी पोचलो होतो, आणि तो नव्हता.

परतताना भूषणच्या गाडीत वैशालीही होती. तिने जळगावात नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं होतं. भुसावळ गेलं. ती गप्प. जळगाव आलं तशी मागून म्हणाली, "भूषण, विमानतळाकडे घे." आणि मग मला, "त्या दिवशी माझं एरंडोलपर्यंतच सांगून झालं होतं, भाऊ. जळगाव राहिलं."

आम्ही तिघे कुंपणाबाहेर उभे राहिलो. तिने जळगाव सांगायला सुरुवात केली. सराफबाजार, केळीचे लिलाव, हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत पार्ट्या, आणि प्रल्हादने एकदा पैज लावून खाल्लेलं भरीत, जे त्याला दोन दिवस पुरलं. आत एक छोटं विमान उतरलं, माणसं बॅगा ओढत काचेच्या घरात गेली. ती बोलत राहिली. मी अजिबात मधे बोललो नाही.

आता मी गावी असतो. आखाजीला आमच्याकडे फारसं काही नसतं. पण त्या दिवशी पानावर बसण्याआधी मी तो रस्ता मनात म्हणतो. धुळे, मुकटी, पारोळा, एरंडोल. तिथे थोडा थांबतो. मग पाळधी, गिरणेचा पूल, जळगाव, भुसावळ, यावल. तिथे नाईक प्रल्हाद राहतो.